लेन्स कुणाला, चष्मा कुणाला

वधूवर सूचक मंडळांच्या छापील फॉर्मवर उंची, वर्ण आणि रक्तगटाच्या रांगेत ‘चष्मा : आहे / नाही’ असा एक रकाना असतो. आपल्याकडच्या कितीतरी घरांत कॉन्टॅक्ट लेन्सची पहिली चौकशी त्या रकान्यापायी होते. मुलीचे शिक्षण संपत येते, स्थळे बघायला सुरुवात होते आणि आई तिला घेऊन चष्म्याच्या दुकानात जाते. नंबर ठाऊक असतोच. दुकानदार तो लिहून घेतो, दोन डब्या पुढे ठेवतो, आरशासमोर बसवून लेन्स घालायची-काढायची कशी ते दाखवतो, आणि काम झाले असे सगळ्यांनाच वाटते.

त्याच तालुक्यात सतरा-अठरा वर्षांचा एखादा मुलगा असतो. त्याचा नंबर दर सहा महिन्यांनी बदलतो, दर वेळी नवा चष्मा होतो आणि तरीही फळ्यावरची अक्षरे त्याला दुहेरी, ओघळलेली दिसतात. त्याच्या पारपटलाचा, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक काचेचा, आकारच बिघडत चाललेला असतो. चष्मा कितीही बदलला तरी त्याला पुरा पडणार नसतो. त्याला लेन्स हवी असते, आणि तीही वेगळ्या जातीची. अशी लेन्स असते हे त्याला कुणी सांगितलेले नसते.

‘चष्मा बरा की लेन्स बरी’ या प्रश्नाचा आढावा घेताना ही दोन माणसे समोर ठेवावीत असे मला वाटते. ज्यांना लेन्स हौसेपुरती हवी त्यांच्या हाती ती सहज पडते. ज्यांचे तिच्यावाचून अडते त्यांच्यापर्यंत ती पोचत नाही. बाकीच्या सगळ्यांसाठी चष्मा हा पाया आणि लेन्स ही जोड, असे माझे मत आहे.

दोन्ही वस्तूंचे काम एकच: डोळ्यात येणारा प्रकाश दृष्टिपटलावर नेमका जुळवून देणे. फरक आहे तो जागेचा. चष्म्याची काच डोळ्यापासून साधारण १२ मिलिमीटर पुढे असते. लेन्स अश्रूंच्या पातळ थरावर तरंगत थेट पारपटलावर बसते. उणे नंबराची काच डोळ्यापासून लांब असल्यामुळे जग थोडे लहान दाखवते, अधिक नंबराची काच मोठे दाखवते. दीड-दोन नंबराच्या माणसाला हे कळतही नाही. उणे आठवाल्याला मात्र चांगलेच कळते. पहिल्यांदा लेन्स घातल्यावर अक्षरे मोठी झाली, रस्ता रुंद झाला असे तो सांगतो आणि त्यात अतिशयोक्ती नसते. अंतर बदलले की नंबरही बदलतो. उणे आठचा चष्मा लागणाऱ्याला लेन्स साधारण उणे सव्वासातची लागते. चारच्या आतल्या नंबरांत हा फरक नगण्य असतो, त्याच्या वर तो धरावाच लागतो. चष्म्याच्या चिठ्ठीवरचा आकडा दाखवून लेन्स मागणे म्हणूनच चूक आहे. पारपटलाचा गोलवा मोजावा लागतो, लेन्सचा व्यास ठरवावा लागतो, ती डोळ्यावर बसल्यावर पापणीच्या उघडझापीबरोबर किती हलते ते यंत्राखाली पाहावे लागते. अगदी न हलणारी लेन्स घट्ट असते, आणि घट्ट लेन्सखाली अश्रू खेळत नाहीत.

मोठ्या नंबराच्या चष्म्याची आणखी एक अडचण कडेला असते. काचेच्या मध्यातून स्वच्छ दिसते, कडेतून वाकडे दिसते, आणि फ्रेमच्या बाहेर काहीच दिसत नाही. लेन्स डोळ्याबरोबर फिरते, त्यामुळे नजर जिकडे जाईल तिकडे तिचा मध्य जातो. उलट तिरक्या नंबरात, ज्याला दुकानात ‘सिलिंडर’ म्हणतात, चष्म्याची बाजू उजवी ठरते. त्या नंबराला विशिष्ट कोन असतो. फ्रेममध्ये घट्ट बसवलेली काच तो कोन सोडत नाही. तिरक्या नंबराची मऊ लेन्स डोळ्यावर किंचित फिरली तरी चित्र हलते. अशा लेन्सना न फिरण्यासाठी खास आकार दिलेला असतो आणि त्या बहुतेकांना चालतातही. पण सिलिंडर मोठा असेल, तर चष्म्याइतकी स्थिर नजर त्यांतून मिळेलच असे नाही.

डोळ्याला चिकटणाऱ्या या लेन्सचा जन्म कशापायी झाला ते इथे सांगण्यासारखे आहे. १८८८ साली झुरिचमध्ये काम करणाऱ्या आडोल्फ फिक या जर्मन नेत्रवैद्याने काचेची मोठी वाटी तयार केली. ती डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकायची आणि काही तासच सहन व्हायची. फिकच्या डोळ्यांसमोर होते ते वाकड्या पारपटलाचे आणि डोळ्यातले भिंग गमावलेले रुग्ण, ज्यांना चष्मा पुरत नव्हता. त्याच वर्षी पॅरिसमध्ये यूजेन काल्टनेही अशाच रुग्णांवर हा प्रयोग केला. म्हणजे लेन्स आली ती गरजेतून. पुढे १९४८मध्ये कॅलिफोर्नियाच्या केविन टुओही यांनी फक्त पारपटल झाकणारी प्लॅस्टिकची छोटी कडक लेन्स आणली. आणि १९६१च्या नाताळात प्रागमधल्या ओटो विख्टरले या रसायनशास्त्रज्ञाने घरच्या टेबलावर, मुलांच्या जोडणीच्या खेळण्याचे भाग आणि सायकलचा डायनॅमो वापरून एक यंत्र उभे केले. त्या फिरत्या यंत्रात पाणी शोषणाऱ्या प्लॅस्टिकच्या मऊ लेन्स त्याने ओतल्या. १९७१मध्ये अमेरिकेत मऊ लेन्सला परवानगी मिळाली. कडक लेन्सची सवय व्हायला आठवडे लागत, मऊ लेन्स काही मिनिटांत डोळ्याला रुळू लागली. तिथून लेन्सचे गिऱ्हाईक बदलले. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी ठरावीक मुदतीनंतर फेकायच्या लेन्स आल्या, नव्वदीत रोज फेकायच्या आल्या, आणि त्या दशकाच्या अखेरीस जास्त प्राणवायू जाऊ देणाऱ्या सिलिकॉन हायड्रोजेलच्या.

आता ज्यांच्यासाठी ती जन्मली त्यांच्याकडे वळू. केराटोकोनस या विकारात पारपटल पातळ होत जाते आणि शंकूसारखे पुढे येते. तो बहुधा किशोरवयात सुरू होतो. ज्यांचे डोळे ॲलर्जीने सतत खाजतात आणि जे ते चोळत राहतात, त्यांच्यात तो अधिक दिसतो. मूल डोळे चोळत असेल तर त्याला रागावण्यापेक्षा त्याच्या खाजेवर औषध करावे, एवढे तरी प्रत्येक पालकाला ठाऊक असायला हवे. वाकड्यातिकड्या पारपटलावरून प्रकाश सरळ आत जात नाही. मऊ लेन्स पारपटलाचाच आकार घेते, त्यामुळे वाकडेपणा तसाच राहतो. कडक लेन्स, जिला आपल्याकडे दुकानांत ‘सेमी-सॉफ्ट’ म्हणतात, आपला आकार सोडत नाही. ती आणि पारपटल यांच्यामधली फट अश्रूंनी भरते आणि सारवलेल्या जमिनीसारखा वर एकसंध पृष्ठभाग तयार होतो. चष्म्याने वरच्या तीन ओळींपलीकडे न जाणारा रुग्ण या लेन्सने तक्त्याच्या शेवटच्या ओळींपर्यंत येतो, असे नेत्रतज्ज्ञ रोज पाहतात. विकार पुढे गेला असेल, तर पांढऱ्या भागावर टेकणारी, पारपटलाला न शिवणारी मोठी स्क्लेरल लेन्स असते. तिच्या पोकळीत द्रव भरून ती घालायची असते. फिकची कल्पनाच नव्या पदार्थांतून परत आली आहे. हैदराबादचे एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थान आणि चेन्नईचे शंकर नेत्रालय इथे अशा लेन्सचे काम वर्षानुवर्षे चालू आहे.

केराटोकोनसवर २००३पासून रूढ झालेल्या क्रॉसलिंकिंग या उपचाराबद्दल गैरसमज फार आहेत. त्यात रायबोफ्लेविनचे थेंब घालून पारपटलावर अतिनील किरण सोडतात. त्यामुळे पारपटल घट्ट होते आणि शंकू वाढायचा थांबतो. पण बिघडलेला आकार पूर्ववत होत नाही. उपचारानंतरही स्वच्छ दिसण्यासाठी बहुतेकदा लेन्स लागतेच. पैसे भरून ‘ऑपरेशन’ झाल्यावरही लेन्स लावावी लागते म्हणून निराश होणारी कुटुंबे आहेत. त्यांना हे आधी नीट सांगितलेले नसते.

दुसरा गट आहे दोन डोळ्यांच्या नंबरांत मोठी तफावत असणाऱ्यांचा. एका डोळ्याला उणे एक आणि दुसऱ्याला उणे सात असेल, तर चष्म्यातून दोन वेगवेगळ्या आकारांची चित्रे मेंदूकडे जातात. मेंदू ती जुळवू शकत नाही, डोके दुखते, पायऱ्या उतरताना अंदाज चुकतो. लेन्सने आकारातला हा फरक बराच कमी होतो. जन्मजात मोतीबिंदू काढलेल्या तान्ह्या बाळांची गोष्ट याच वाटेची, आणि सर्वांत हळवी. डोळ्यातले भिंग काढल्यावर बाळाला फार मोठा अधिक नंबर लागतो. एकाच डोळ्याचे ऑपरेशन असेल तर चष्मा जवळपास निरुपयोगी ठरतो. अमेरिकेत ११४ बाळांवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासात निम्म्या बाळांच्या डोळ्यात कृत्रिम भिंग बसवले आणि निम्म्यांना लेन्स लावली. पाचव्या वर्षी दोन्ही गटांची नजर साधारण सारखीच निघाली, पण भिंग बसवलेल्यांना पुन्हा ऑपरेशनची गरज जास्त पडली. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या डोळ्यात आईने लेन्स घालायची आणि काढायची, हे ऐकूनच अंगावर काटा येतो. पण शिकवले तर आया ते शिकतात.

लेन्सच्या मर्यादेचे एक उदाहरण भारतीय क्रिकेटने पाहिले आहे. १ जुलै १९६१ला इंग्लंडमधल्या होव्ह इथे मोटार अपघातात मन्सूर अली खान पतौडींचा उजवा डोळा जायबंदी झाला. काही महिन्यांनी हैदराबादला एमसीसीच्या संघाविरुद्ध ते त्या डोळ्यात कॉन्टॅक्ट लेन्स घालून खेळायला उतरले. त्यांना सहा-सात इंच अंतरावर दोन चेंडू दिसत होते. त्यांतल्या आतल्या चेंडूवर बॅट घालत त्यांनी चहापानापर्यंत पस्तीस धावा केल्या, मग लेन्स काढून टाकली, तो डोळा मिटून घेतला आणि सत्तरपर्यंत मजल मारली. लेन्सने प्रतिमा स्पष्ट होते. दोन डोळ्यांची दोन चित्रे एक करणे तिच्या हाती नसते. पुढच्याच वर्षी एकवीस वर्षांचे पतौडी भारताचे कप्तान झाले.

ज्यांना लेन्स केवळ सोयीसाठी हवी आहे त्यांनी तिची किंमत समजून घेतली पाहिजे, आणि किंमत म्हणजे इथे पैसे नव्हेत. पारपटलात रक्तवाहिन्या नसतात, म्हणूनच ते पारदर्शक असते. त्याला प्राणवायू मिळतो तो हवेतून, अश्रूंत विरघळून. लेन्स मध्ये आली की तो कमी होतो. झोपेत पापण्या मिटल्यावर तो आणखी कमी होतो. लेन्स घालून झोपणे ही दोन्हींची बेरीज आहे. उपाशी राहिलेल्या पारपटलाची वरची त्वचा कमकुवत होते आणि जंतूंना वाट मिळते. १९८९ साली अमेरिकेत आणि २००८ साली ऑस्ट्रेलियात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांचे निष्कर्ष जवळजवळ सारखे आहेत. दिवसा लेन्स लावून रात्री काढणाऱ्या १०,००० लोकांत वर्षाला दोन ते चार जणांना पारपटलाचा जंतुसंसर्ग होतो; लेन्स घालून झोपणाऱ्या तितक्याच लोकांत सुमारे वीस जणांना. मधल्या काळात जास्त प्राणवायू जाऊ देणाऱ्या लेन्स आल्या, तरी रात्रीचा धोका कमी झाला नाही. रोज फेकायच्या लेन्सनेही संसर्गाचे प्रमाण फारसे खाली आले नाही. झालेला संसर्ग तुलनेने सौम्य राहतो, हा मात्र त्यांचा खरा फायदा.

दहा हजारांत दोन-चार हा आकडा लहान आहे, हे मान्य. नियम पाळणाऱ्या माणसाने लेन्सला घाबरण्याचे कारण नाही. पण तो आकडा ज्याच्या वाट्याला येतो, त्याच्या बुबुळावर फूल पडते. स्यूडोमोनास नावाचा जंतू एक-दोन दिवसांत पारपटल पोखरू शकतो. अकँथअमीबा हा पाण्यातला जीव त्याहून चिवट. तो कवच घेऊन बसतो आणि त्याच्यावरचे उपचार महिनोन्महिने चालतात. म्हणून लेन्स आणि पाणी यांची गाठ पडता कामा नये. नळाचे पाणी, गच्चीवरच्या टाकीतले पाणी, उकळून गार केलेले पाणी, बाटलीबंद पाणी, घरी केलेले मिठाचे पाणी, यांतले काहीही लेन्सला किंवा तिच्या डबीला लावायचे नाही. लेन्स घालून आंघोळ नाही, विहिरीत किंवा तरणतलावात पोहणे नाही, समुद्रात उतरणे नाही. हात साबणाने धुऊन कोरडे करूनच लेन्सला हात लावायचा. डबीतले कालचे सोल्यूशन ओतून द्यायचे, त्यातच वरून नवे घालायचे नाही. लेन्स बोटाने चोळूनच साफ करायची, बाटलीवर काहीही लिहिलेले असो. डबी दर दोन-तीन महिन्यांनी बदलायची. सोल्यूशनवर डोळे मिटून विसंबूही नये. २००६मध्ये एका नावाजलेल्या सोल्यूशनशी बुरशीच्या संसर्गाचा संबंध आढळला आणि ते जगभरातून मागे घ्यावे लागले. २००७मध्ये दुसरे एक अकँथअमीबापायी मागे घेतले गेले.

आपल्या हवामानात एक धोका वेगळा सांगावा लागतो. पावसाळ्यात डोळे येण्याची साथ असते. २०२३ साली महाराष्ट्रात ती मोठ्या प्रमाणावर आली होती. साथ ओळखीची असल्यामुळे डोळा लाल झाला की घरातले म्हणतात, ‘डोळे आले असतील’, आणि मेडिकलच्या दुकानातून थेंब आणले जातात. त्या थेंबांत पुष्कळदा स्टेरॉइड असते. लालसरपणा ओसरतो, आतला संसर्ग मात्र फोफावतो. लेन्स लावणाऱ्याचा डोळा लाल झाला, दुखू लागला, उजेड सहन होईनासा झाला, तर लेन्स काढायची, ती आणि डबी जपून ठेवायची (तपासणीला उपयोगी पडते) आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जायचे. सोमवारपर्यंत थांबायचे नाही.

हे पाळता येण्यासाठी हाताशी योग्य नंबराचा चष्मा हवा. लेन्स लावणाऱ्या बऱ्याच तरुणांकडे तो नसतो. असलाच तर चार वर्षांपूर्वीचा, काडी तुटलेला. डोळा दुखत असूनही लेन्स काढता येत नाही, कारण काढली तर ऑफिसला जाता येत नाही. लेन्सचे जे अपाय टाळता येण्यासारखे असतात, त्यांतले पुष्कळ या एका उणिवेतून होतात, असे माझे ठाम मत आहे. ज्याला दोन्हींपैकी एकच परवडते, त्याने चष्मा घ्यावा.

काम आणि जागा यांचाही विचार हवा. उसाच्या फडात, शेतात, बांधकामावर डोळ्याला पान किंवा कण लागणे नेहमीचे आहे, आणि पाल्याने झालेल्या जखमेतून बुरशीचा संसर्ग होणे ही आपल्याकडच्या ग्रामीण अंधत्वाची एक मोठी वाट आहे. तिथे चष्म्याची काच ढालीचे काम करते, लेन्स काहीच अडवत नाही. वेल्डिंग करणाऱ्याने, रसायनांच्या कारखान्यात काम करणाऱ्याने फक्त लेन्सवर राहू नये. वरून संरक्षक चष्मा हवाच. दुचाकीवरची धूळ लेन्सखाली गेली तर गाडी चालवणे अशक्य होते, म्हणून हेल्मेटची काच खाली हवी. उलट मुंबईच्या पावसात लोकलच्या दारात उभ्या माणसाला चष्म्याच्या काचांवरून ओघळणाऱ्या पाण्यातून फलाट दिसत नाही, हेही खरेच. स्वयंपाकघरात कुकरची वाफ काचांवर बसते. कबड्डी, खो-खो, मल्लखांब खेळणाऱ्या मुलांची चष्म्याने खरोखर अडचण होते. क्रिकेटमध्ये अंशुमन गायकवाड चष्मा लावून जगातल्या सर्वांत वेगवान गोलंदाजांसमोर उभे राहिले. अनिल कुंबळे यांनी सुरुवात चष्म्याने केली आणि पुढे ते लेन्सवर आले. मैदानापुरती रोज फेकायची लेन्स आणि बाकी वेळ चष्मा, ही मला खेळाडूंसाठी सर्वांत शहाणी व्यवस्था वाटते.

एसी ऑफिसात दिवसभर पडद्यासमोर बसणाऱ्यांना लेन्स कोरडी पडते. पडद्याकडे पाहताना पापण्यांची उघडझाप कमी होते आणि अश्रू सुकतात. मधुमेह जुना असेल तर पारपटलाची संवेदना कमी होते आणि जखम झालेली कळत नाही, म्हणून अशा रुग्णांनी लेन्स डॉक्टरांच्या देखरेखीखालीच लावावी. रंगीत लेन्सबद्दल थोडक्यात: ती सौंदर्यप्रसाधन नव्हे. नंबर नसला तरी ती डोळ्यावर मोजूनच बसवावी लागते. लग्नाच्या मेकअपसाठी एकीची लेन्स दुसरीने घालणे म्हणजे एकीचे जंतू दुसरीच्या डोळ्यात घालणे.

चष्म्याकडे येऊ, कारण पाया म्हणताना त्याचेही दोष सांगायला हवेत. कॉम्प्युटरवर काढलेला नंबर हा अंदाज असतो. त्यावरून थेट चष्मा करून देणारी दुकाने भरपूर आहेत. लहान मुलांत तर बाहुली मोठी करणारे थेंब न घालता काढलेला नंबर बहुतेकदा जास्त उणे निघतो, कारण मूल नकळत नजर ताणते. दोन बाहुल्यांमधले अंतर न मोजता बनवलेला मोठ्या नंबराचा चष्मा डोके दुखवतो. मुलांसाठी न फुटणारी पॉलिकार्बोनेटची काच घ्यावी. निळा प्रकाश अडवणाऱ्या काचांसाठी जादा पैसे मोजण्याची गरज नाही. कोक्रेन या वैद्यकीय आढावे घेणाऱ्या संस्थेच्या २०२३च्या आढाव्यात सतरा प्रयोग तपासले गेले आणि त्या काचांनी डोळ्यांचा शीण कमी होतो असे त्यांतून दिसले नाही.

‘चष्मा लावला की नंबर वाढतो’ ही समजूत मात्र दोषांपेक्षाही जास्त नुकसान करते. तिच्यापायी मुलांना मुद्दाम कमी नंबराचा चष्मा देतात. मलेशियात २००२ साली हे प्रत्यक्ष पडताळून पाहिले, तेव्हा कमी नंबराचा चष्मा लावणाऱ्या मुलांचा नंबर उलट जास्त वेगाने वाढला. लेन्सने नंबर थांबतो ही समजूतही साध्या लेन्सच्या बाबतीत चुकीची आहे. इथे गेल्या काही वर्षांत चित्र खरोखर बदलले आहे. लांबचा नंबर वाढण्याचा वेग कमी करणाऱ्या खास लेन्स आल्या. तीन वर्षांच्या एका प्रयोगात त्यांतल्या एका प्रकाराने वाढ सुमारे ५९ टक्क्यांनी मंदावली आणि २०१९मध्ये अमेरिकेने ती मुलांसाठी मान्य केली. तेच काम करणारी चष्म्याची काचही हाँगकाँगमध्ये विकसित झाली. दोन वर्षांत तिने निम्म्याच्या आसपास परिणाम दाखवला. आठ-नऊ वर्षांच्या मुलासाठी मी काचेकडे झुकेन. तेवढाच फायदा आणि संसर्गाची भीती नाही. आणि या दोन्हींच्या आधी, मुलाला नंबर लागलेलाच नसेल तर त्याला घराबाहेर उजेडात पाठवावे. चीनमधल्या ग्वांगझूच्या शाळांत रोज चाळीस मिनिटे मैदानाची वाढवली, तेव्हा तीन वर्षांत तिथल्या ३०.४ टक्के मुलांना नव्याने नंबर लागला, मैदान न वाढवलेल्या शाळांत मात्र ३९.५ टक्के मुलांना. क्लासच्या वेळा ठरवताना पालकांनी हा आकडा आठवावा.

नंबर घालवणाऱ्या लेसर शस्त्रक्रियेला इथे जागा कमी देतो, कारण तो निर्णय वेगळा आहे. दोन गोष्टी पुरेत: मोजमापाआधी लेन्स काही आठवडे बंद ठेवावी लागते, कारण तिने पारपटलाचा आकार तात्पुरता बदललेला असतो, आणि केराटोकोनसचा संशय असेल तर ती शस्त्रक्रिया करू नये.

चाळिशीजवळ हा सगळा हिशेब पुन्हा मांडावा लागतो. उणे तीनचा माणूस वाचताना चष्मा कपाळावर सरकवतो आणि बारीक अक्षर सहज वाचतो. लेन्स तशी सरकवता येत नाही. शिवाय चष्म्याच्या उणे काचेतून जवळचे पाहताना डोळ्याला जोर कमी लावावा लागतो, लेन्समधून तो जास्त लागतो. त्यामुळे लेन्स लावणाऱ्या मोठ्या नंबराच्या माणसाला चाळिशी थोडी आधी जाणवते. मग एक डोळा लांबसाठी आणि एक जवळसाठी असा तोडगा काढतात, किंवा दोन्ही अंतरांची लेन्स देतात. काहींना ते छान जमते, काहींना रात्री गाडी चालवताना त्रास होतो. आणि जवळच्या साध्या चष्म्याचे मोल काय असते, ते २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या आसामच्या चहामळ्यांतल्या अभ्यासाने दाखवले. चाळिशी ओलांडलेल्या मजुरांना मोफत जवळचा चष्मा दिल्यावर त्यांची पाने खुडण्याची क्षमता, चष्मा न मिळालेल्यांच्या तुलनेत, सुमारे २२ टक्क्यांनी वाढली. इतक्या थोड्या खर्चात इतके देणारी दुसरी वैद्यकीय वस्तू मला माहीत नाही.

खर्चाचे म्हणाल तर रोज फेकायच्या लेन्स वर्षाला ७३० लागतात, महिन्याच्या चोवीस आणि शिवाय सोल्यूशनच्या बाटल्या. एक चांगला चष्मा सांभाळला तर दोन वर्षे जातो. हौसेने लेन्स लावणाऱ्याने हा खर्च खिशातून करावा, त्यात कुणाची तक्रार नाही. पण आरोग्य विम्याच्या बहुतेक पॉलिसींत चष्मा आणि कॉन्टॅक्ट लेन्स एकाच ओळीत, न मिळणाऱ्या खर्चांच्या यादीत असतात. त्या ओळीत लग्नासाठी घेतलेली लेन्स, केराटोकोनसच्या मुलाची कडक लेन्स आणि मोतीबिंदू काढलेल्या बाळाची लेन्स सारखीच धरली जाते. बाळाचा डोळा वाढतो तशी लेन्स बदलावी लागते. ती पडते, हरवते आणि पुन्हा घ्यावी लागते. ती नसलेला प्रत्येक महिना त्या डोळ्याला आळशी करतो, आणि ठरावीक वयानंतर ती उणीव भरून निघत नाही. शाळकरी मुलांना मोफत चष्मे देण्याची सोय राष्ट्रीय अंधत्व व दृष्टिदोष नियंत्रण कार्यक्रमात आहे. त्याच तपासणीत चष्म्यानेही शेवटच्या ओळींपर्यंत न पोचणारे मूल वेगळे काढून त्याच्या पारपटलाचा नकाशा काढायला पाठवावे, आणि त्याला लागणारी लेन्स जिल्हा रुग्णालयातून उपचार म्हणून मिळावी, विम्यातही ती उपचार म्हणूनच धरली जावी.